पंप बघून येतो

डबो, १४ फेब्रुवारी २०२३

लोरेल,

आणि गाडी मीच चालवत आलो. साडेतीनशे किलोमीटर, एका कुल्ल्यावर बसून. वाटेत निंगनला उतरून ट्रकच्या सावलीत पाच मिनिटं उभा राहिलो, तिथून पुढं दुसऱ्या कुल्ल्यावर. यात हळहळण्यासारखं काही नाही. शेजारचा बॅरी म्हणाला होता मी सोडतो, पण त्याच्याबरोबर चार तास म्हणजे चार तास त्याच्या गुडघ्याची गोष्ट.

तू विचारलं नाहीस, ठाऊक आहे. चौदा वर्षांत तू मला काहीच विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर हेच सांगितलं असतं.

पत्राचं कारण फॉर्म. इथं फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचं नाव घालायचं असतं. मी ड्यूक घातलं. खिडकीतली पोरगी म्हणाली, "ड्यूक म्हणजे मुलगा का?" म्हटलं, कुत्रा. ती म्हणाली, "फोन उचलणारं कुणी आहे का?" मग तुझं घातलं. होबार्टचा पत्ता आणि फोन तुझ्या मावशीच्या नाताळच्या कार्डावरून उतरवला. तेव्हा उद्या कुणी परकं माणूस फोन करून 'तुमचे वडील' म्हणालं तर दचकू नकोस. एवढ्यासाठीच लिहितोय.

आता काय झालंय तेही लिहायला पाहिजे. जे तुझ्या आईला झालं तेच मला झालंय. त्याच जागी.

इथली डॉक्टर टॅन म्हणून आहे, तुझ्यापेक्षा लहान. ती सरळ म्हणते, गुदद्वाराचा कॅन्सर. आपण कोपर म्हणतो, गुडघा म्हणतो, तसं. मी सत्याहत्तर वर्षांचा, त्यातली साठ वर्षं मेंढ्यांच्या शेपटाखाली डोकं घालून काढली, आणि हा शब्द तोंडातून काढायला मला घाम फुटला. शेवटी म्हटलं, बुडाचा. ती म्हणाली, "तेही चालेल, क्लेम. फक्त नीट सांगा, किती दिवस रक्त जातंय."

मला वाटलं होतं आल्याआल्या कापतील. कापत नाहीत. गाठ बारीक असती आणि कडेला असती तर तेवढीच काढून घरी पाठवलं असतं. माझी आत आहे, लिंबाएवढी. अशाला किरण आणि औषध, दोन्ही एकदम. साडेपाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार. औषध पहिल्या दिवशी शिरेतून घातलं, जांभळं, मेंढीच्या जखमेवर आपण मारायचो त्या रंगाचं. बाकीच्या गोळ्या. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं म्हणते. ज्यांचं भागत नाही त्यांना मग सुरी.

कमरेवर तीन ठिपके गोंदलेत, यंत्राला रोज त्याच जागी नेम धरता यावा म्हणून. म्हटलं, मेंढीसारखा खुणेला कान नाही कापलात तेवढं बरं. पोरींना कळलं नाही. शहरातल्या आहेत.

राहायला दवाखान्याच्या मागंच घर दिलंय, लांबून येणाऱ्यांसाठी. पलंग मऊ आहे. मला मऊ आवडत नाही.

उत्तराची गरज नाही.

क्लेम हॅलोरन


डबो, ९ मार्च

लोरेल,

अंगावर किती दिवस काढलं म्हणशील, तर दोन महिने. अकरा नाही.

कातडं सोलवटलंय. पुढून मागून, सगळं. मेंढी कातरताना नवशिक्या माणूस जशी सोलून ठेवतो तसं. दिवसातून चार वेळा मिठाच्या कोमट पाण्यात बसायचं. बसलं की बरं वाटतं, उठलं की देव आठवतो. डॉक्टर टॅन म्हणते हे ठरल्याप्रमाणे चाललंय. मी म्हटलं, ठरवलं कुणी?

उभ्यानं जेवतो. कालही टेबलाच्या टोकाशी उभा राहून टोस्ट खात होतो, आणि समोरच्या काचेत पाहिलं तर तुझी आई. तसाच एक हात टेबलावर, एक पाय सैल सोडलेला. मी पाय बदलला. तिनंही बदलला.

हसू नकोस. गोळ्यांनी होतं असं काहीबाही.

आपल्या शेडमधल्या फळीवरचा हिरवा डबा आठवतो का? दुभत्या जनावरांच्या आचळांना लावायचं मलम. हात चिरले, ओठ फुटले, तुझा गुडघा फुटला, सगळ्याला तेच. जनावराला चालतं ते माणसाला चालतं, हा माझ्या बापाचा धर्म आणि माझाही. कोबारचा डॉक्टर महिन्यातून दोनदा यायचा, डबा रोज असायचा.

आता एक सांगतो. कळपात माशी कुठल्या मेंढीला लागलीय ते मी अर्ध्या मैलावरून सांगतो. ती बाजूला उभी राहते, पाय आपटते, मान वळवून मागं बघते. गेलं की धरायची, शेपटाखालची लोकर काढायची, अळ्या झाडायच्या, पावडर मारायची, सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी कळपात दिसली तर जगली. साठ वर्षं हेच केलं आणि माझ्या इतक्या कमी मेंढ्या कुणाच्या मेल्या नाहीत.

तुझी आई उभ्यानं जेवायला लागली तेव्हा मला दिसलं. दफनानंतर हॉलमध्ये, हातात सँडविचची बशी घेऊन, तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "मेंढ्यांच्या बुडाकडे बघितलंस त्याच्या निम्मं आईकडे बघितलं असतंस तर." मी म्हणालो, मला दिसलं नव्हतं. ते खोटं होतं. दिसलं होतं. दिसलं म्हणून तर डबा आणून दिला.

म्हणाली, "मूळव्याध असेल." मी म्हटलं, असेल. तिनं अकरा महिने लावलं. मलमानं खाज थांबायची, तोच घात झाला. थांबली नसती तर ती स्वतःच गेली असती डॉक्टरकडे. बाई भित्री नव्हती.

मागच्या नोव्हेंबरात मोटरसायकलच्या सीटवर रक्त दिसलं तेव्हा मी काय केलं असेल? शेडमध्ये गेलो. डबा तिथंच होता, इतक्या वर्षांत मी हात लावला नव्हता. झाकण घट्ट बसलेलं. उघडलं तर आत मलमावर बोटाची खोबण. दोन बोटांची, बारीक. माझं बोट त्यात मावत नाही.

झाकण लावलं. तरी दोन महिने लागलेच मला जायला, पण डबा काही वापरला नाही.

इथं उना म्हणून एक बाई आहे, वॉल्गेटकडची. कातरणीच्या शेडवर स्वयंपाकीण होती, तीस-तीस माणसांचा. छातीच्या कॅन्सरला आलीय. ऐंशीच्या घरात, तोंड तिखट. मी पहिल्या दिवशी तक्तपोशीकडे बघत बसलेलो, तर म्हणाली, "तुझं कुठलं?" म्हटलं, खालचं. म्हणाली, "पुढचं का मागचं?" सगळ्या हॉलला ऐकू गेलं. म्हटलं, मागचं. ती म्हणाली, "माझं मागचं एकोणीस वर्षांपूर्वी गेलं. आता इथं," आणि पोटावर थाप मारली. "पिशवी. रोज सकाळी बदलते. हिच्यासकट मी तेवीस शेडवर रांधलं, कुणाला पत्ता नाही."

"वास?" म्हटलं.

"तीस कातरणाऱ्यांच्या शेडमध्ये माझा वास कुणाला यायचा, गाढवा?"

बाकीचे हसले. मीही हसलो, मग थांबलो, हसलं की दुखतं.

मग ती आपण होऊनच सांगायला लागली. म्हणाली, "मी नवऱ्याला विचारलं, करू का रे? तो पेपर वाचत होता. म्हणाला, 'कर. नाहीतर सकाळचा चहा कोण करणार?' बास, एवढंच बोलला मेला. पण बोलला." आणि मला विचारलं, "तुझ्या बायकोचं असंच होतं म्हणालास. तिनं का नाही केलं ऑपरेशन?"

मी म्हणालो, तिला नको होतं.

आणि मिठाच्या पाण्याची वेळ झाली म्हणून उठलो. झाली नव्हती.

क्लेम


कोबारच्या पलीकडून, घरून. १८ जून

लोरेल,

तुझं पत्र पोचलं. दोन ओळी. चौदा वर्षांनी दोन ओळी म्हणजे घसघशीतच, तू आईवर नाही गेलीस, माझ्यावर गेलीस.

आधी तब्येत. किरण मार्चमध्ये संपले. कातडं परत आलं, गुलाबी, नव्या कातरलेल्या कोकरासारखं. आता काय करायचं असतं? काही नाही. थांबायचं. मला वाटलं, दीड महिन्यात बघतील आणि सांगतील गेला की राहिला. तसं नसतं. किरण थांबले तरी गाठ आत महिनोन्‌महिने विरघळत राहते. डॉक्टर टॅननं मे महिन्यात बोट घालून बघितलं, म्हणाली, "थोडी आहे अजून. घाई नाही. सहा महिने पूर्ण होऊ देत. आत्ता कापलं तर आपोआप जाणारी गाठ आपण उगाच कापली असं व्हायचं." मेंढीला एक रात्र देतो आपण. माणसाला सहा महिने.

ते शिरेतून घातलेलं जांभळं औषध, त्याबद्दल विचारलं मी तिला, की बायकोलाही हेच दिलं होतं का. म्हणाली, साधारण हेच असणार. मग मी विचारलं, दोघांना एकच रोग कसा. ती म्हणाली एक विषाणू असतो, नवराबायकोत इकडून तिकडे जातो, बहुतेकांना कळतही नाही, आणि तीस-चाळीस वर्षांनी एखाद्याच्यात उठतो. कुणी कुणाला दिला ते सांगता येत नाही. मी विचारलंही नव्हतं. तीच म्हणाली.

मेंढ्या पाचशे ठेवल्यात. बॅरी येतो मदतीला. गुडघा घेऊन येतो.

पंप आता सूर्यावर चालतो, जुना काढून टाकला, त्यामुळं आवाज असा नाहीच. तरी संध्याकाळी चहाच्या वेळेला मला जुना ऐकू येतो. ठक ठक ठक. मग थांबतो, आणि तो थांबला की आत कपाटातून कप काढल्याचा आवाज. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ड्यूकचा आहे. तो व्हरांड्यात तिच्या खुर्चीपासून चार हात लांब बसतो आणि खुर्ची हलल्यासारखा कान टवकारतो. आधी हाक मारायचो त्याला. आता मीही बघतो.

ही वेताची खुर्ची, जिच्यावर ती शेवटी उशी घालून एका अंगावर बसायची. मी तिच्यावर बसत नाही. मार्चमध्ये एकदा बसलो, तर बूड आपोआप त्याच अंगावर गेलं, जिथं वेत खाली दबलाय. उठलो.

तू विचारलंस, 'ऑपरेशनचं कळलं तेव्हा आई काय म्हणाली?'

आई म्हणाली नको. दवाखान्यात फोन करून सांगितलं. हे तुला ठाऊक आहे. तेव्हाही सांगितलं होतं.

सिडनीला सहा आठवडे किरण घ्यायला ती एकटी गेली, तुला सांगितलं की चुलतबहिणीकडे आहे, हे मात्र तिचं होतं, माझं नव्हतं. "पोरगी नर्स आहे, धावत येईल, तिची परीक्षा आहे," म्हणाली. मी इथं दुष्काळात मेंढ्यांना हातानं खाऊ घालत होतो. परत आली तेव्हा बारीक झालेली, पण चांगली होती, दीड वर्ष चांगली होती, कपड्यांच्या दोरीशी गाणंही म्हणायची. मग पुन्हा आलं. मग पिशवीचं निघालं. मग नको म्हणाली. त्याच्यात आणखी काय सांगायचं असतं?

कुंपणापाशी एक मेंढी बाजूला उभी आहे. बघून येतो.

क्लेम


घरून, २९ सप्टेंबर

लोरेल,

गाठ गेली नाही. सहा महिने झाले, तुकडा काढून तपासला, जिवंत निघाली.

डॉक्टर टॅननं खुर्ची ओढून समोर बसून सांगितलं. तीन वाटा आहेत म्हणाली. एक, ऑपरेशन. गुदद्वार आणि वरचं आतडं काढायचं, खालचं भोक कायमचं शिवून टाकायचं, पोटावर नवं, पिशवी जन्मभर. बरं व्हायचं असेल तर हीच. दोन, एक नवं औषध, महिन्यातून एक-दोनदा शिरेतून. ते कुणाकुणाच्यात रोगाला थोपवून धरतं, काही काळ. बरं करेल असं ती सांगू शकत नाही. तीन, काहीच नाही, फक्त दुखणं कमी ठेवायचं, आणि त्यातही कमीपणा नाही म्हणाली. "वय आहे, पण हृदय चांगलंय तुमचं. तुम्ही कुणाशी बोला. घरी कुणी आहे?"

म्हटलं, आहे.

म्हणजे मी तिथं येऊन उभा राहिलो जिथं तुझी आई उभी होती. बरोब्बर तिथंच. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता दिलंच पाहिजे, कारण जूनमध्ये मी दिलं नाही. ती मेंढी ठीक होती. नुसतीच उभी होती.

डॉक्टरकडून आम्ही परत आलो तो ऑगस्टचा दिवस. ती व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसली, टोपीसुद्धा काढली नाही. मी कठड्याला टेकून बूट काढत होतो. ती म्हणाली,

"क्लेम, पिशवी लावलेली बाई बघवेल का तुला?"

असं. रडून नाही, हसून नाही. आज जेवायला चॉप करू का, असं विचारावं तसं.

मी एक बूट काढला होता. तो परत घातला. म्हणालो, "पंप बघून येतो."

पंप चालू होता. घरापर्यंत ऐकू येत होता, तिलाही येत असणार. ठक ठक ठक. मी तिथं जाऊन हौदाच्या काठावर बसलो. तीन तास. पाणी भरून वाहायला लागलं तेव्हा पंप बंद केला. खरं सांगायचं तर पिशवीचा विचारही करत नव्हतो. मी विचार करत होतो की ती मरेल, आणि त्या विचाराचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. बघवेल का? अगं, काय न बघवण्यासारखं होतं? तोवर पंचेचाळीस वर्षं मी मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घातले होते. पण ते आत होतं, तोंडात आलं नाही. आमच्या घरात असलं कुणी तोंडात आणत नसे. माझा बाप आईला मूल झालं तेव्हाही कुंपण बघायला गेला होता. काही कठीण आलं की आपली माणसं काहीतरी दुरुस्त करायला जातात. बायका समजून घेतात.

तिनं समजून घेतलं.

परत आलो तेव्हा तिनं कप काढले होते, चहा झाला होता. म्हणाली, "दवाखान्यात फोन केला. नको म्हणून सांगितलं." आणि म्हणाली, "पंपाचं काय झालं होतं?"

म्हटलं, "वॉशर गेला होता."

"हं," म्हणाली.

अकरा महिने जगली त्यानंतर. पुन्हा त्यावर एक शब्द नाही, तिचा नाही, माझा नाही. मी तिला उचलायचो, पुसायचो, शेवटी शेवटी तर काय काय केलं, सगळं बघवलं मला. तिला दिसत होतं की मला बघवतंय. तेव्हा उशीर झाला होता, आणि ते आम्हां दोघांनाही कळत होतं. एकदा पुसताना माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, काय? म्हणाली, "काही नाही. वॉशर."

ही तुला आजवर न सांगितलेली गोष्ट. तू म्हणालीस मी बघितलं नाही. मी बघितलं. बोललो नाही. त्या एका शब्दासाठी ती थांबली होती, आणि मी हौदावर बसलो होतो.

आता रोज संध्याकाळी जुना पंप वाजायला लागला की मी व्हरांड्यात उभा राहून सांगतो. "बघवेल." मोठ्यानं सांगतो. ड्यूक माझ्याकडे बघतो. कप वाजायचे ते काही थांबले नाहीत.

डॉक्टर टॅनला कळवलं, ऑपरेशन करा. उनानं फोनवर विचारलं, "का रे, कुणासाठी?" म्हटलं, "तीन तास विचार केला." ती म्हणाली, "हौदावर बसून केला असशील." मी तिला मार्चमध्ये कधीतरी हे सांगून टाकलं होतं, मिठाच्या पाण्याच्या आंघोळीनंतर. तुला आधी सांगायला पाहिजे होतं, ठाऊक आहे. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं.

क्लेम


सिडनी, २२ ऑक्टोबर

लोरेल,

बॅरीनं आणलं. गुडघ्याची गोष्ट पूर्ण ऐकली. दोन ऑपरेशनं झालीत त्याची, डाव्याची अजून बाकी.

ड्यूक त्याच्याकडे आहे. खुर्चीही तिकडे नेऊन ठेव म्हटलं. तो म्हणाला, "कुत्र्याला खुर्ची कशाला?" म्हटलं, तू ने.

आज नर्स आली, पिशवीचं काम बघणारी. उघडं करून उभं केलं, बसवलं, वाकवलं, बूट घालायला लावले. म्हणाली, "पट्टा कुठं बांधता? मोटरसायकलवर बसल्यावर पोटाची घडी कुठं पडते? घडीत भोक आलं तर पिशवी चिकटत नाही." मग पेन घेतलं आणि डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली, एक गोल काढला. काळा. उद्या आंघोळ करताना पुसू नका म्हणाली.

मी त्या गोलाकडे बघत बसलो. आपल्याकडे म्हाताऱ्या मेंढ्या निवडताना रंगीत खडूनं पाठीवर खूण करायचो. निळी म्हणजे ठेवायची, लाल म्हणजे खाटकाच्या ट्रकमध्ये. काळी आपण कधी वापरली नाही. नर्सला विचारलं, काळी म्हणजे काय? ती म्हणाली, "म्हणजे मला निळं पेन सापडलं नाही." बरी आहे ती.

समोरच्या भिंतीला आरसा आहे. तुझी आई याच दवाखान्यात होती की दुसऱ्या, ते मला आठवत नाही, आणि ते आठवू नये याचीही लाज वाटते. आज आरशात ती नव्हती. मीच होतो, पोटावर गोल घेऊन. बघवलं.

आता तुझं पत्र. नर्सनं दुपारी आणून दिलं. चार ओळी. आईबद्दल तू जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं आणि पाकिटात ठेवलं, त्यावर मी काही बोलणार नाही. तुझा अधिकार आहे. माफ केलंस असं तू लिहिलं नाहीस, आणि मी मागितलीही नाही, तेव्हा आपलं त्यात जुळतंय.

खाली तू विचारलंयस, 'मी येऊ का?'

पत्र ठेवून मी उठलो होतो. खिडकीची कडी सैल आहे, ती बघावी म्हणून. स्क्रूड्रायव्हर आहे का म्हणून बेल वाजवायला हातही नेला. मग परत येऊन पलंगावर बसलो, एका कुल्ल्यावर, शेवटचं.

ये.

या पत्राचा फोटो नर्स आजच तुझ्या फोनवर पाठवतेय. उद्या सकाळी सातला नेतात. तू आलीस तर दुपारपर्यंत मला जाग आलेली असेल, आणि नर्स पिशवी बदलायला शिकवेल तेव्हा तुला बघायचं असेल तर बघ, नसेल तर बाहेर थांब, पण थांब.

झालं. याच्यावर मी अजून काही लिहिणार नाही, आणि आल्यावर विचारलंस तरी सांगणार नाही.

बाबा